ख्रिस्ताने दुःख का सोसले? माझ्या भाषणातले एक वाक्य अडले आहे

पाणवठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्या चर्चमधल्या तरुणांसमोर मला दहा मिनिटे बोलायचे आहे. विषय दिलाय "ख्रिस्ताचे दुःखसहन आणि बलिदान". लहानपणापासून ऐकत आलोय, म्हटले अर्ध्या तासात लिहून होईल. तीन वाक्ये लिहिली:

"ख्रिस्त निर्दोष होता. आपल्या पापांमुळे देवाचा जो क्रोध आपल्यावर यायचा होता तो त्याने स्वतःवर घेतला. म्हणून आपल्याला क्षमा मिळाली."

दुसऱ्या वाक्यापाशी गाडी अडली ती अडलीच. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय. पण कागदावर समोर आल्यावर येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा, म्हणजे सगळे उधळून घरी परतणाऱ्या मुलाचा, दाखला आठवला. तिथला बाप मुलगा अजून लांब असतानाच धावत सुटतो आणि त्याच्या गळ्यात पडतो. आधी कुणाला फटके मारून राग शांत करून घेत नाही. मग त्याच बापाला इथे रक्त का लागले?

आणखी एक सांगतो, म्हणजे मी हे का विचारतोय ते कळेल. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. चौदा महिने आजारी होता. शेवटच्या आठवड्यात भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याच्या उशाशी बसून सांगितले, "देव आवडत्या माणसांनाच दुःख देतो." भावाने काही उत्तर दिले नाही. भिंतीकडे तोंड फिरवले. ते मी पाहिलेय. माझ्या तोंडून त्या मुलांसमोर तसले काही जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

श्रद्धा असलेल्यांनी, नसलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. भाषण पुढच्या रविवारी आहे.

तिसरीघंटा

वाचतेय. भावाबद्दल वाचून वाईट वाटले.

कोरडाठक्क

मी श्रद्धावान नाही, पण तुम्ही बोलावलेत म्हणून लिहितो. माझी अडचण तुमच्याहून साधी आहे. करावे तसे भरावे. गुन्हा एकाने केला आणि शिक्षा दुसऱ्या निर्दोष माणसाला दिली, तर त्याला आपण अन्याय म्हणतो. तो निर्दोष माणूस स्वतःहून पुढे आला तरी न्यायाधीशाने "बरं, तूच चल" म्हणणे न्यायाचे होत नाही. तुमचे दुसरे वाक्य मला म्हणूनच कधी पटले नाही. खोचकपणे लिहीत नाहीये, खरेच समजून घ्यायचे आहे.

ओसरी

पाणवठा, तुमचे वाक्य अडले यात तुमच्या श्रद्धेचे काही बिघडलेले नाही. हा प्रश्न ख्रिस्ती माणसांनी पहिल्यापासून विचारलाय. मी धर्मशास्त्र शिकलोय, थोडे सविस्तर लिहितो.

ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस आहे का, यावर चर्चने परिषदा भरवल्या, भांडणे केली, नेमके शब्द ठरवले. पण त्याच्या मरणाने तारण *कसे* होते याचे एकच अधिकृत स्पष्टीकरण कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने ठरवलेले नाही. इ. स. ३८१ च्या मतांगीकारात (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) एवढेच आहे की पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या वेळी "आमच्यासाठी" त्याला वधस्तंभावर खिळण्यात आले, त्याने दुःख सोसले, त्याला पुरण्यात आले. "आमच्यासाठी" हा शब्द पक्का आहे. त्याची उकल मात्र मोकळी ठेवलेली आहे.

त्यामुळे उकली पुष्कळ झाल्या. सुरुवातीच्या शतकांत ओरिगेन आणि निस्साचा ग्रेगरी यांनी खंडणीची प्रतिमा वापरली: माणूस सैतानाच्या कैदेत होता, ख्रिस्ताने किंमत मोजून सोडवले. निस्साच्या ग्रेगरीने तर गळाला लावलेल्या आमिषाचा दृष्टान्त दिला. माणूसपणाच्या आमिषाला सैतान भुलला आणि आत देवत्वाचा गळ होता. त्याचाच मित्र नाझियान्झचा ग्रेगरी यावर उखडला. दरोडेखोराला देवाने किंमत द्यायची, आणि तीही स्वतःचीच, हे त्याला लाजिरवाणे वाटले.

मग अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म हा धर्मशास्त्रज्ञ आला. त्याचा काळ सरदार आणि मानमरातबाचा. पाप म्हणजे देवाच्या मानाला लागलेला उणेपणा, तो भरून द्यायला हवा; द्यायचा माणसाने आहे आणि देण्याची ऐपत फक्त देवाची आहे, म्हणून देव माणूस झाला. इथे एक बारीक गोष्ट आहे. आन्सेल्मच्या मते *एकतर* शिक्षा *किंवा* भरपाई. ख्रिस्ताने भरपाई केली, म्हणून शिक्षेची वेळच आली नाही. "क्रोध त्याच्यावर ओतला गेला" ही मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकात, विशेषतः धर्मसुधारक कॅल्व्हिनकडे. कॅल्व्हिन कायदा शिकलेला होता, त्यामुळे तिथे आरोपी, न्यायासन आणि निकाल यांची भाषा येते.

बाराव्या शतकात आबेलार्डने वेगळाच सूर लावला. वधस्तंभावर देवाचे प्रेम इतके उघडे पडते की पाहणाऱ्याचे हृदय पालटते. आणि १९३० च्या सुमारास गुस्ताफ आउलेन या स्वीडिश अभ्यासकाने दाखवून दिले की जुन्या चर्चचा मुख्य सूर विजयाचा होता: पाप, मरण आणि सैतान यांच्याशी झुंज आणि त्यांचा पराभव.

तुमचे दुसरे वाक्य या सगळ्यांतली एक खोली आहे. अख्खे घर तेवढेच नाही.

वाटसरू_दोन

ओसरी, मांडणी सुंदर, पण एक धोका वाटतो. तुम्ही ते वाक्य फक्त सोळाव्या शतकाच्या खात्यावर टाकताय. जुन्या करारात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३ व्या अध्यायात स्पष्ट आहे: "तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला". प्रेषित पौलही तेच सांगतो. आमच्या आजोबांच्या पिढीने दारू आणि मारामाऱ्या सोडल्या त्या "माझी शिक्षा त्याने घेतली" या एका वाक्यावर. आजोबा रात्री प्रार्थनेत ते म्हणताना रडायचे. त्यांना आन्सेल्म माहीत नव्हता. त्यांना एवढे माहीत होते की माझ्या जागी कुणीतरी उभे राहिले. ते वाक्य टाकून देऊ नका.

ओसरी

मान्य. "आमच्या जागी" हे टाकायचे नाहीच. देव रागाने धुमसत होता आणि मुलाला मारून निवळला, हे चित्र टाकायचे. यशयात सेवक घायाळ होतो, आणि पाहणारे म्हणतात की आम्हाला वाटले देवानेच त्याला मारले. त्या "आम्हाला वाटले" कडे नीट पाहायला हवे.

(यहुदी परंपरेत राशीसारख्या भाष्यकारांनी हा सेवक म्हणजे इस्राएल लोक असा अर्थ लावलाय, हेही भाषण करणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.)

जुनीपाटी

अवांतर, पण माझ्या आवडीचे. मराठी शुभवर्तमानात मार्क १०:४५ ला "खंडणी" शब्द आहे: पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून देणे. आजच्या तरुण मुलाला खंडणी म्हटले की काय आठवते? वर्तमानपत्रातली बातमी. धमकी, फोन, अटक. म्हणजे त्याच्या डोक्यात लगेच प्रश्न उभा राहतो की धमकावणारा कोण? देव?

मूळ ग्रीक शब्द लुट्रोन. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. शब्दाचा भर घेणाऱ्यावर नाही, सुटणाऱ्यावर आहे. भाषणात "सोडवणुकीची किंमत" म्हणा, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आणि दुसरा शब्द "बळीचा बकरा". जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असतात. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करतो, आणि तो बकरा जिवंतपणी रानात सोडून देतात. म्हणजे पापे ज्याच्या डोक्यावर ठेवली तो बळी जात नाही आणि बळी जातो त्याच्या डोक्यावर पापे ठेवलेली नसतात! आपण दोघांना एकत्र करून टाकले.

तिसरीघंटा

जुनीपाटी, ही बकऱ्यांची भानगड आज पहिल्यांदा कळली. घरी सगळ्यांना ऐकवून झाली :)

कोरडाठक्क, तुमच्या प्रश्नावर मला माक्सिमिलियान कोल्बे आठवतात. पोलिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू. १९४१ मध्ये आउश्विट्झमधून एक कैदी पळाल्याचा बदला म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडले. त्यातला एक, फ्रान्सिशेक गायोव्निचेक, बायकोमुलांच्या नावाने रडला. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि म्हणाले, याच्याऐवजी मला घ्या. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारले. गायोव्निचेक वाचले. १९८२ मध्ये कोल्बेंना संतपद दिले तेव्हा ते स्वतः हजर होते. १९९५ मध्ये वारले. एका माणसाच्या जागी दुसरा उभा राहू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कोरडाठक्क

तिसरीघंटा, उदाहरण हलवून टाकणारे आहे. पण ते तुमच्याच विरुद्ध जातेय, बघा. कोल्बे थोर, प्रश्नच नाही. पण तिथे "एक जीव द्या" अशी मागणी करणारा कोण होता? छळछावणीचा अधिकारी. ख्रिस्ताला कोल्बेच्या जागी ठेवलेत तर अधिकाऱ्याच्या जागी कुणाला ठेवणार?

तिसरीघंटा

... याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते.

पाणवठा

कोरडाठक्क, माझे वाक्य नेमके इथेच अडले होते, मला ते इतके नीट मांडता आले नाही.

ओसरी

कोरडाठक्क यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. देव, ख्रिस्त आणि आपण असे तीन वेगळे पक्ष धरले, तर अधिकाऱ्याच्या जागी देवच जाऊन बसतो. म्हणूनच ख्रिस्ती विश्वास तसे धरत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. *ख्रिस्तामध्ये*. न्यायासनावर बसून कुणाला तरी पाठवत नव्हता. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने तर ठासून सांगितले की देहाने वधस्तंभावर खिळलेला तो त्रैक्यातलाच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतलाच) एक आहे.

म्हणजे कोल्बेंच्या गोष्टीत देव शोधायचा तर तो रांगेतून पुढे येणाऱ्या पावलांत. आदेश देणाऱ्या बुटांत तो नाही. तिथे माणसांचे पाप आहे.

दूरचा_दिवा

ओसरी यांच्या मुद्द्याला घरगुती जोड देतो. माझ्या वडिलांनी एका मित्राला मोठी रक्कम उसनी दिली होती. मित्र बुडाला. एके दिवशी दारात येऊन नुसता उभा राहिला. वडिलांनी आतून कागद आणला, त्याच्यासमोर फाडला आणि त्याला जेवायला बसवले. क्षमा झाली. पण ती रक्कम हवेत विरली नाही. पुढची सहा वर्षे आमच्या घराने ती भरली. बहिणीचे शिक्षण लांबले. आईने हातातल्या बांगड्या काढल्या त्या परत घातल्या नाहीत. त्या मित्राला यातले काहीही कधी कळले नाही.

"नुसती क्षमा का नाही केली" असे कुणी विचारले की मला ते रिकामे हात दिसतात. वडिलांनी नुसतीच क्षमा केली होती.

कोरडाठक्क

हे मला समजले. पटले असे अजून म्हणत नाही, पण समजले. धन्यवाद.

इतिहासवेल्हाळ

थोडे जमिनीवर येऊन. आपण आज वधस्तंभ गळ्यात घालतो, त्यामुळे तो काय होता हे विसरतो. रोमन साम्राज्यात ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. स्पार्टाकस या गुलामाचे बंड मोडल्यावर, इ. स. पूर्व ७१ मध्ये, कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार जणांना असे टांगले होते. रोमन वक्ता सिसेरो म्हणाला होता की रोमन नागरिकाच्या कानावर तो शब्दही पडू नये.

१९६८ मध्ये जेरुसलेमजवळ एका अस्थिपेटीत एका तरुण माणसाचे टाचेचे हाड सापडले. त्यातून साडेअकरा सेंटीमीटरचा खिळा आरपार गेलेला. खिळ्याचे टोक वाकलेले, म्हणून तो काढता आला नाही आणि हाडाबरोबरच पुरला गेला. पहिल्या शतकातला हा माणूस, पेटीवर नाव यहोहानान. येशूच्याच काळातला, त्याच मातीतला, आणि अशा हजारोंपैकी एक.

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेले एक चित्र सापडले, साधारण इ. स. २०० च्या आसपासचे मानतात. वधस्तंभावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात उंचावलेला एक जण, आणि मजकूर: अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. कुणीतरी अलेक्सामेनोसची टर उडवलीय. टांगलेल्या माणसाला देव मानणे म्हणजे तेव्हाच्या जगात केवढी नाचक्की होती ते त्या ओरखड्यांत दिसते.

पाणवठा, भाषणासाठी एक विनंती. "यहुद्यांनी ख्रिस्ताला मारले" हे वाक्य चुकूनही नको. शिक्षा रोमन, हुकूम पिलाताचा. त्या वाक्याने शतकानुशतके यहुदी लोकांची घरे जाळलीत. हा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, हे कॅथलिक चर्चने १९६५ च्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले, आणि तेही फार उशिरा.

सफर

मी मुसलमान आहे. आमच्या श्रद्धेत ईसा हे थोर पैगंबर, पण कुराणात (४:१५७) म्हटलेय की त्यांना मारले गेले नाही, सुळावर चढवले गेले नाही. अल्लाह आपल्या पैगंबराची अशी मानहानी होऊ देणार नाही, असे आम्ही शिकतो. म्हणून मला तुमच्याकडची उलटी बाजू समजून घ्यायला आवडते आहे. इतिहासवेल्हाळ यांचे ते गाढवाचे चित्र वाचून कळले की ही नाचक्की तुम्ही लपवत नाही, मध्यभागी ठेवता. वाचत राहीन.

ओसरी

सफर, मनापासून आभार. फरक नेमका तिथेच आहे आणि तुम्ही तो फार आदराने मांडलात. पौलही म्हणतो की वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. देवाची थोरवी कशात, यावर आपली वाट वेगळी होते.

मोगरी

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहिते.

लग्नानंतर नऊ वर्षे मी मार खाल्ला. दोनदा धीर करून चर्चमधल्या वडीलधाऱ्या माणसाकडे गेले. दोन्ही वेळा उत्तर एकच: "प्रत्येकाला आपला क्रूस असतो, मुली. ख्रिस्ताने उलटून शब्द काढला नाही." मी घरी परत गेले. दुसऱ्या खेपेनंतर माझा डावा कान गेला.

तुम्ही सगळे चांगले बोलताय, पण त्या तरुणांमध्ये एखादी मुलगी बसलेली असेल. तिला "दुःख सोसणे पवित्र आहे" एवढेच ऐकू येईल. कृपा करून तिच्यासाठी एक वाक्य ठेवा.

सांजदिवा

मोगरी, तुमच्याबरोबर आहे. आणि त्या माणसाने सांगितले ते शास्त्रालाही धरून नव्हते. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने विचारले होते, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरे बोललो असेन तर मला का मारतोस? योहान १८:२३. उलटून शब्द काढला होता.

मोगरी

सांजदिवा, ही ओवी मला कुणी दाखवली असती तर... असो. लिहून ठेवली.

वाटसरू_दोन

मोगरीताई, वाचून मान खाली गेली. आमच्यासारखेच लोक हे सल्ले देतात. मी दिलाय एकदा, इतक्या टोकाच्या गोष्टीत नाही, पण दिलाय. त्या बाईंना फोन करणार आहे.

गवाक्ष

चित्रांकडे वळतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी भुयारातल्या थडग्यांवर मेंढपाळ काढला, मासा काढला, दुःखी ख्रिस्त काढला नाही. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, पाचव्या शतकात, तो वधस्तंभावर दिसतो, पण डोळे उघडे आणि चेहऱ्यावर वेदना नाही. मेलेला, झुकलेला ख्रिस्त मोठ्या आकारात येतो तो दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोलोनच्या लाकडी क्रूसावर.

आणि मग जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड. साधारण १५१२ ते १५१६ मध्ये इझेनहाइमच्या मठासाठी त्याने वेदीचे चित्र केले, आज ते फ्रान्समध्ये कोल्मारला आहे. त्या मठात "संत अँथनीची आग" म्हणत त्या रोगाचे लोक यायचे. राय धान्यावरच्या बुरशीचे विष. हातपाय जळल्यासारखे दुखायचे, काळे पडायचे, कापावे लागायचे. रोग्याला आणून या चित्रासमोर ठेवायचे. त्यातल्या ख्रिस्ताचे अंग हिरवट, कातडीवर जागोजागी फोड आणि रुतलेले काटे. बोटे आकड्यांसारखी ताठ पसरलेली. ओठ निळे. देहाच्या भाराने आडवी तुळई वाकलीय.

रोग्याने वर पाहिले की त्याला *आपलीच* कातडी दिसायची. तुझे दुःख देवाने पाठवलेय असे ते चित्र म्हणत नाही. देवाच्या अंगावर तुझेच फोड आहेत, एवढेच दाखवते. पाणवठा, तुमच्या भावाच्या उशाशी त्या गृहस्थांऐवजी हे चित्र हवे होते.

पाणवठा

गवाक्ष, प्रतिसाद वाचून थोडा वेळ उठून गेलो होतो. आभार.

टिपकागद

एक शंका. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. म्हणजे येशूला पूर्ण स्तोत्रच म्हणायचे होते, तो निराश नव्हता, असे आम्हाला शिकवलेय. बरोबर ना?

ओसरी

स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो हे खरे. पण म्हणून पहिली ओळ हलकी करू नये असे मला वाटते. त्याने उच्चारली ती पहिलीच ओळ, आणि मार्क सांगतो मोठ्याने ओरडून.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान १९४३ च्या हाम्बुर्गवरील बॉम्बहल्ल्यात सतरा वर्षांचे होते. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, मोल्टमान स्वतः बचावले. घरात धर्म फारसा नव्हता. पुढे युद्धकैदी म्हणून छावणीत असताना त्यांच्या हाती बायबल आले. मार्कमधला हा आक्रोश वाचून त्यांना वाटले, मला समजणारा कुणीतरी इथे आहे. आयुष्यभर ते यावरच लिहीत राहिले. तो आक्रोश गुळगुळीत केला असता तर त्या कैद्याच्या हाती काय लागले असते?

दूरचा_दिवा

माझ्या मावशीने शेवटच्या आजारात वेदनाशामक घ्यायला नकार दिला होता. येशूने गंधरस घातलेला द्राक्षारस नाकारला म्हणून. आम्ही सगळ्यांनी तिला भक्तीची मूर्ती मानले. आता हा धागा वाचताना मनात कालवाकालव होते आहे. बरोबर होते का ते?

सांजदिवा

दूरचा_दिवा, मी परिचारिका आहे. बरीच वर्षे शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांबरोबर काम करते. मावशींचा निर्णय त्यांचा होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण कुणी दुसऱ्याला तसे सांगू नये. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर सांगितले होते की वेदना कमी करणारी औषधे द्यायला हरकत नाही, त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही, हेतू वेदना शमवण्याचाच असेल तर. आणि शुभवर्तमानात येशूने एकाही आजारी माणसाला "आजार सोस, चांगला असतो" असे म्हटलेले नाही. जो भेटला त्याला बरे केले.

आता मला जे माहीत आहे ते लिहिते. मरणाच्या दारातला माणूस "का" हे फार थोड्या वेळा विचारतो. तो विचारतो, "तुम्ही आता जाताय का?" गेथशेमाने बागेत येशूनेही तेच मागितले. तिघांना म्हणाला, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तीनदा येऊन पाहिले, तीनदा झोपलेले.

आणि शेवटी म्हणाला, मला तहान लागली आहे. शेवटच्या तासांत तोंड कोरडे पडते. जीभ टाळूला चिकटते, शब्द फुटत नाही. आम्ही ओला बोळा ओठांवरून फिरवतो. माणूस डोळे न उघडता ओठ पुढे करतो, बाळासारखा. एजोब या झुडपाच्या काडीवर आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला बोळा लावून कुणीतरी ती येशूच्या ओठांशी धरली. मी दर वेळी बोळा भिजवताना ती काडी आठवते. ख्रिस्ताच्या दुःखाचा अर्थ मला याहून पुढे सांगता येत नाही.

तिसरीघंटा

सांजदिवा, आज दुसरे काही वाचणार नाही.

जुनीपाटी

"क्रूस उचलणे" यावर एक राहिले आहे. कुरेनेकर शिमोन. शेतावरून येत होता, शिपायांनी धरले आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. मराठी शास्त्रात शब्द आहे "वेठीस धरले". अगदी नेमका. त्याला कुणी विचारले नव्हते. भक्ती नाही, व्रत नाही, नुसती वेठ.

आजाऱ्याच्या घरची माणसे मला शिमोनासारखी वाटतात. मुद्दाम निवडून कुणी पुढे येत नाही, रस्त्याने जाताना धरले जाते. येशूने स्वतः मान्य केले, शिमोनावर लादले गेले. दोन्ही एकच आहे असे सांगणे म्हणजे मोगरीताईंना मिळालेला सल्ला.

पण मार्क जाता जाता एक लिहून जातो: हा अलेक्सांद्र व रूफ यांचा बाप. ही मुले कोण हे सांगायची त्याला गरज वाटत नाही, म्हणजे वाचणाऱ्यांना ती ठाऊक होती. पौल रोमकरांच्या पत्राच्या शेवटी एका रूफला सलाम पाठवतो आणि म्हणतो, त्याची आई ती माझीही आई. तोच रूफ की दुसरा, सिद्ध करता येणार नाही. पण घरात त्या दिवसाची गोष्ट किती वेळा सांगितली गेली असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

पाणवठा

भाषण झाले. तुम्हा सगळ्यांना कळवायला हवे म्हणून लिहितोय.

दुसरे वाक्य खोडले. त्या जागी हे म्हटले: "देवाने कुणा तिसऱ्याला पुढे केले नाही. क्षमेची किंमत चुकवायला तो ख्रिस्तात स्वतः आला, आणि आमच्या जागी उभा राहिला." वाटसरू_दोन, तुमच्या आजोबांचे "जागी" शेवटी ठेवले. दूरचा_दिवा, तुमच्या वडिलांची गोष्ट नाव न घेता सांगितली, चालेल ना?

मोगरीताई, तुमचे वाक्य सर्वांत शेवटी, सावकाश म्हटले: "ख्रिस्ताने स्वतःचा जीव स्वतः दिला. तुम्हाला कुणी मारत असेल तर तो तुमचा क्रूस नाही, तो मारणाऱ्याचा गुन्हा आहे. निघा आणि आम्हाला सांगा." योहान १८:२३ वाचून दाखवले.

पुनरुत्थानावर दोनच मिनिटे उरली, ते कमी पडले. पूर्वेकडच्या चर्चमध्ये त्या दिवसाचे चित्र असते, ख्रिस्त आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून थडग्यांतून वर ओढतोय, ते दाखवायचे होते. पुढच्या वेळी.

सगळे गेल्यावर एक मुलगा खुर्च्या लावायला थांबला. विशीतला असेल. भाषणाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, आजी शेवटच्या दिवसांत आहे, मी तिच्या खोलीत जायचे टाळतोय, आज रात्री जाऊन बसतो. मी त्याला सांजदिवांची ओल्या बोळ्याची गोष्ट सांगितली.

मोगरी

वाचले. आभार.

कोरडाठक्क

मी जिथे होतो तिथेच आहे, पण हे भाषण ऐकायला आलो असतो.

सांजदिवा

पाणवठा, त्या मुलाला एवढे कळवा: बोळा भिजवल्यावर चांगला पिळून घ्यायचा, पाणी घशात उतरता कामा नये. आधी ओठ, मग गालांच्या आतली बाजू, जीभ शेवटी. दर थोड्या वेळाने. आणि फिरवण्याआधी आजीला तिच्या नावाने हाक मारून सांगायचे की मी आता ओठ ओले करतोय. ती डोळे उघडणार नाही कदाचित, पण ऐकू येत असते.